हिरवे ठसे

नभाला पहिली उलटी झाली ती सोमवारी दुपारी पावणेबाराला, शाळेच्या रिक्षातून उतरता उतरता, आजीच्या साडीवर.

चार वर्षांची पोर. डोळे ओढलेले, ओठ पांढरे पडलेले. रंजनाबाईंनी तिला तशीच खांद्यावर टाकली, तीन जिने चढून वर आणली आणि दारातूनच ओरडल्या, "ऋतू, मागे हो! हात लावू नकोस!"

ऋतुजा दोन्ही हात पुढे करून उभी होती. रोज ती अशीच उभी असायची आणि नभा रिक्षाच्या धुळीसकट तिच्या अंगावर येऊन आदळायची.

"काय झालं तिला?"

"उलटी. तू आतल्या खोलीत जा आणि दार लाव आधी."

रंजनाबाईंनी सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती. कराड आगारात त्यांचा आवाज प्रसिद्ध होता. खच्चून भरलेल्या गाडीतही त्यांनी 'पुढे सरका' म्हटलं की माणसं सरकायची. ऋतुजाही सरकली. आजीच्या खांद्यावरून नभाने हात पसरले, "मम्मी" म्हणाली आणि मग दार लागलं.

ऋतुजाला इतकं जपण्याचं कारण तिच्या पोटात होतं. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. तिची आई हयात नव्हती, भावाला मधुमेह होता, नवऱ्याची, प्रथमेशची, किडनी जुळली नाही. घरात या सगळ्याची चर्चा चालली असताना रंजनाबाई जेवता जेवता म्हणाल्या होत्या, "माझी बघा की. मला दोन आहेत." आणि त्यांनी आमटी वाढून घेतली होती. तोवर सासू-सुनेत भांडण नव्हतं, तसं फार गूळपीठही नव्हतं. तपासण्या झाल्या, किडनी जुळली आणि मिरजेला डॉक्टर बेन्नूर यांनी एकीच्या पोटातून काढून दुसरीच्या पोटात बसवली.

ही परकी किडनी शरीराने हाकलून देऊ नये म्हणून ऋतुजा सकाळ-संध्याकाळ नऊ वाजता गोळ्या घेत असे. त्या गोळ्या तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवत. म्हणजे घराच्या राखणदाराला रोज दोन वेळा गुंगीचं औषध देण्यासारखंच होतं ते. त्यामुळे घरातलं कुणी साधं शिंकलं तरी रंजनाबाई त्याला बाल्कनीत पाठवायच्या.

डॉक्टर बेन्नूर फोनच्या पडद्यावर आले तेव्हा नभाच्या तीन उलट्या झाल्या होत्या.

"तुमच्या वॉर्डाचा सांडपाण्याचा अहवाल पाहिलात?" त्यांनी विचारलं. आता नगरपालिका रोज गटारांच्या पाण्यातले विषाणू मोजायची आणि सकाळी सातला प्रत्येकाच्या फोनवर आकडे पाठवायची. हवामानाच्या अंदाजासारखे लोक ते वाचत आणि विसरून जात. "नोरोव्हायरस चौपट झालाय. तोच दिसतोय हा. नभाला दोन दिवस त्रास होईल, पाणी पीत राहिली तर उठून खेळायला लागेल. मला काळजी तुमची आहे."

"मला झाला तर किती दिवस राहील?"

"दिवस नाही. महिने. तुमच्या आतड्यातून त्याला हुसकावणारं कुणी जागं नाही. जुलाब चालूच राहतात, पाणी कमी होतं, रक्तातलं गोळ्यांचं प्रमाण बिघडतं. माझ्या दोन रुग्णांची किडनी यात गेली आहे."

"मग मी दुसरीकडे जाऊ का?"

"कुठे जाल? गावभर साथ आहे. आणि सकाळी तुम्ही तिची वेणी घातली असणार, डबा भरला असणार. ज्या घरातला रोग कुठे आहे ते तुम्हाला दिसू शकतं, त्याच घरात राहा. ठसा बाहेर काढा."

'ठसा' हे एका दिव्याचं नाव. अवयव बसवलेल्या प्रत्येक रुग्णाला गेल्या वर्षापासून इस्पितळ तो देत असे. एक बाटली आणि एक जांभळा दिवा. उंटाच्या रक्तात फार लहान आकाराची प्रतिपिंडं सापडतात. त्यांच्यावरून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने प्रथिनाचे बारीक तुकडे बनवले होते. बाटलीतल्या पाण्यात ते मोकळे तरंगत. फवारा मारला की ते विषाणूच्या कवचाला, आणि फक्त त्याच कवचाला, जाऊन चिकटत. चिकटले की त्यांची घडी बदले आणि जांभळ्या प्रकाशात ते हिरवे चमकू लागत. चार मिनिटं थांबायचं आणि दिवा लावायचा. एरवी डोळ्यांना कधीच न दिसणारा विषाणू घरात कुठे कुठे फिरला ते समोर उमटायचं.

एका उलटीतून असे कोट्यवधी कण बाहेर पडतात, आणि आजारी पाडायला वीसही पुरतात. या विषाणूच्या अंगावर चरबीचं आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. साबण त्याला मारत नाही, पण हातावरून सोडवतो, आणि मग वाहतं पाणी त्याला घेऊन जातं. मारायचाच असेल तर ब्लीच.

ऋतुजाने हॉलचे पडदे ओढले, फवारा मारला, घड्याळ लावून चार मिनिटं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मग दिवा लावला.

दाराच्या कडीवर हिरवं होतं. चपलांच्या फळीवर होतं. फ्रिजच्या दारावर, खालून दोन फुटांवर, पाच बोटं स्पष्ट उमटली होती. आज सकाळी उलटी व्हायच्या आधीच नभा तिथे हात टेकून दूध मागत होती. म्हणजे पोरगी हसत-खेळत असतानाच विषाणू तिच्यासोबत घरभर फिरत होता. ऋतुजाने स्वतःवर फवारा मारला. हात स्वच्छ निघाले. ओढणीच्या टोकाला मात्र एक बारकी हिरवी मूठ चमकत होती. शाळेत जाताना नभाने तिथे धरून ओढलं होतं, "अजून एक पापी" म्हणून.

ऋतुजाने ओढणी चिमट्याने उचलली आणि ब्लीचच्या बादलीत बुडवली. ओढणीचा निळा रंग पाण्यात सुटायला लागला. ती बघत राहिली.

घराची वाटणी रंजनाबाईंनी केली. मोठी खोली आणि तिला लागून असलेलं न्हाणीघर त्यांचं आणि नभाचं. हॉल, स्वयंपाकघर, छोटी खोली आणि दुसरं न्हाणीघर ऋतुजाचं. मोठ्या खोलीच्या दाराबाहेर एक स्टूल. ऋतुजाने ताट ठेवायचं आणि सहा पावलं मागे जायचं, मग रंजनाबाई दार उघडणार. आतली भांडी बाहेर येणार नाहीत, आतच ब्लीचने धुतली जातील. कमोडचं झाकण लावल्याशिवाय फ्लश करायचा नाही.

"या दारातून आत कुणी यायचं नाही," त्यांनी बजावलं. "साहेब आला तरी नाही."

"आणि तुम्हाला झालं तर?"

"मला काय होतंय? स्टँडवरची भजी खाऊन सव्वीस वर्षं काढलीत मी."

प्रथमेश देवगडपासून दूर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर देखभालीचं काम करायचा. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. त्याची पाळी संपायला अजून नऊ दिवस होते. फोनवर तो म्हणाला, "मी बोटीचं बघतो," आणि मग स्वतःच म्हणाला, "आलो तरी काय करणार म्हणा. आणखी एक पडेल."

दोन दिवस ऋतुजाने आपली मुलगी फक्त ऐकली. उलटीचा आवाज, रडण्याचा आवाज, मग पाण्याचा. आजी तिला हात धुवायला शिकवत होती. साबण किती वेळ चोळायचा हे पोरीला कळावं म्हणून त्यांनी त्याला रस्त्याचं माप लावलं होतं. "चल, गाडी सुटली. कराड. मग? उंब्रज. काशीळ. अतीत. बोटांच्या मधे चोळ, नागठाण्याला उतरायचं नाही अजून. शेंद्रे. आलं सातारा. आता धू."

मंगळवारी दुपारी दाराच्या पलीकडे खसफस झाली.

"मम्मी, तू आहेस?"

"आहे ना. दाराजवळच बसलेय."

"मग ये ना आत."

"नाही येता येत, राणी."

"माझ्या हातात किडे आहेत म्हणून?"

"थोडे दिवस," ती म्हणाली.

"आजीला नाही चावत ते."

"आजी मोठी आहे."

"तू लहान आहेस?"

"हो," ऋतुजा म्हणाली. "सध्या मी लहान आहे." पलीकडे नभा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

बुधवारी नभाने मऊ भात मागून खाल्ला आणि पलंगावर उड्या मारल्याबद्दल आजीची बोलणी खाल्ली. ऋतुजाने देवापुढे साखर ठेवली. तिची स्वतःची रोजची तपासणी, एक पट्टी आणि फोनचा कॅमेरा, सलग तिसऱ्यांदा निर्मळ आली होती.

गुरुवारी सकाळी तिने स्टुलावर चहा ठेवला, सहा पावलं मागे गेली आणि हाक मारली. दार उघडलं नाही. आत नळ सोडलेला होता.

"आई? चहा ठेवलाय."

नळ वाहतच होता. पहाटेपासून तो अधूनमधून वाहत होता हे तिला आत्ता जाणवलं.

"नभा, आजी कुठे आहे?"

"फरशीवर झोपलीय," दाराच्या फटीतून आवाज आला. "मला म्हणाली मम्मीला सांगू नको."

डॉक्टरांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. ऋतुजाने दोन वाक्यांत सांगितलं.

"किती वेळा झालं?"

"माहीत नाही. पहाटेपासून लपवतायत. हाकेला ओ देत नाहीत, उठवत नाहीये त्यांना."

"त्यांनाही आता एकच किडनी आहे, ऋतुजा. पाणी इतकं कमी होऊन चालणार नाही. मी कराडमधूनच गाडी पाठवतो, पण साथीमुळे सगळ्या बाहेर आहेत. तास-सव्वा तास धरा. तोवर त्यांच्या तोंडात घोट घोट पाणी गेलं पाहिजे. घरी कोण आहे?"

"मी."

"तुम्ही सोडून?"

"समोरचे गावाला गेलेत. खालच्या मजल्यावर सगळे आजारी आहेत. नभा आहे, चार वर्षांची."

"मी तुम्हाला आत जा असं सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मी ते विचारतच नाहीये. कशी जाऊ तेवढं सांगा."

मग त्यांनी वेळ घालवला नाही. प्रथमेशचा रेनकोट, वर टोपी, दोन मास्क, स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे, दुचाकीवर लावायचा चष्मा. चेहऱ्याला हात लावायचा नाही, काही झालं तरी. आणि आत पाऊल टाकण्याआधी ठसा.

ऋतुजाने दार उघडलं आणि उंबऱ्यावरूनच फवारा मारला. ती चार मिनिटं तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. समोर दहा फुटांवर, न्हाणीघराच्या दारात, सासू कुशीवर पडली होती आणि नभा पलंगाच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"मम्मी, तू पावसात चाललीस?"

"नाही गं. तुमच्याकडे आलेय."

दिवा लागला तसं सगळं दिसलं. न्हाणीघरापासून पलंगापर्यंत हिरव्या ठिपक्यांचा पट्टा होता. नळावर, बटणावर, चादरीवर हिरवं होतं. भिंतीकडेची फरशी मात्र काळी होती, स्वच्छ. ऋतुजा त्या कडेकडेने गेली. पाऊल कुठे टाकायचं हे तिला दिसत होतं. आतापर्यंत या दिव्याने तिला फक्त लांब राहायला सांगितलं होतं. आज त्याच्याच उजेडात ती जवळ चालली होती.

रंजनाबाईंना कुठे धरून उठवायचं ते पाहायला तिने त्यांच्यावरही फवारा मारला. थांबायला वेळ नव्हता, तरी ती थांबली. मग दिवा त्यांच्याकडे वळवला.

आजीच्या अंगावर नभा होती, सगळीकडे. गालावर चार बोटं आणि एक अंगठा. मानेभोवती हाताची अख्खी मिठी. दंडावर, केसांत, पदरावर, छातीवर लहान लहान पंजे, एकावर एक उमटलेले. तीन दिवस पोरगी त्यांना चिकटून झोपली होती, त्यांना धरून ओकली होती, त्यांच्या अंगाला तोंड पुसत रडली होती. आणि त्यांनी तिला एकदाही बाजूला केलं नव्हतं.

ऋतुजाला रडू आलं. एक क्षण, फक्त एकच क्षण, तिला सासूचा हेवा वाटला.

तिने त्यांना पाठीमागून काखेत हात घालून भिंतीला टेकवून बसवलं. रंजनाबाईंनी डोळे उघडले.

"तू... बाहेर हो."

"होते. आधी हा चमचा घ्या."

"ऋतू, बाहेर हो म्हणते. माझी एक वाया घालवशील."

"तुमच्याकडे आहे ती वाया चाललीय, तिचं बघा. घ्या."

त्यांनी घोट घेतला. मीठ-साखरेचं पाणी, चहाचा चमचा, एका मिनिटाला एक. जास्त दिलं असतं तर उलटून पडलं असतं. पाचव्या चमच्याला पडलंच. ऋतुजा तोंड वळवून मागे झाली, ब्लीचचं फडकं टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"नभा, मला चमचे मोजून दे बरं."

"तिथूनच?"

"तिथूनच."

नभाने हात पाठीमागे लपवले आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. बारानंतर तिचं चौदा यायचं. वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. अशा तीन वेळा वीस आणि वर अकरा चमचे झाले तेव्हा खाली गाडीचा भोंगा वाजला. तोवर रंजनाबाईंच्या ओठांना किंचित रंग आला होता. स्ट्रेचरवर त्यांना बांधत असलेल्या परिचारिकेला त्या सांगत होत्या, "माझं राहू दे, हिला आधी धुवून काढा."

इस्पितळात त्यांना सलाईन लावलं. त्या रात्री नभा मोठ्या खोलीत एकटी झोपली आणि ऋतुजा दाराबाहेर. शुक्रवारी दुपारी त्या घरी आल्या.

ऋतुजाची पट्टी त्या दिवशी निर्मळ आली. शनिवारी आली. आठवडा उलटला, दहा दिवस झाले, तरी निर्मळच. डॉक्टर बेन्नूर म्हणाले, "तुमच्या रेनकोटची जाहिरात करायला हवी."

गोष्ट इथे संपायला हवी होती. तशी ती संपली नाही.

बरं झालेल्या माणसाच्या पोटातून हा विषाणू पुढे दोन-तीन आठवडे, लहान मुलांत त्याहूनही जास्त, थोडा थोडा बाहेर पडत राहतो. माहितीपत्रकात ते लिहिलेलं होतं आणि ऋतुजाने ते पाठ केलं होतं. ती सकाळी उठली की घरावर दिवा फिरवायची. जेवणाआधी फिरवायची. नभा न्हाणीघरातून आली की आधी हात फवाऱ्याखाली, मग चार मिनिटं, मग दिवा. कधी नखाच्या कडेला एक ठिपका दिसायचा, कधी काहीच नाही. काही नाही दिसलं तरी ऋतुजा म्हणायची, "उद्या बघू."

नभाचं अंथरूण आजीकडेच राहिलं. ऋतुजा स्वतःचा स्वयंपाक वेगळा करू लागली, कारण रंजनाबाईंच्या हातावरही एकदा ठिपका दिसला होता. त्यांनी आपला तवा वेगळा काढला.

प्रथमेश घरी आला तो समुद्र खवळल्यामुळे चार दिवस उशिरा, भर दुपारी. पिशव्या टाकून तो दारातच गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात पसरले. नभा धावत आली आणि त्याच्यापासून दोन हातांवर एकदम थांबली. तिने दोन्ही तळवे त्याच्यासमोर उलटे करून धरले.

"आधी दिवा लाव," ती म्हणाली.

"काय लाव?"

"दिवा. मी हिरवी असले तर तुला हात नाही लावायचा."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चप्पल बाहेर काढायची असते, तितक्या सहज ती म्हणाली. प्रथमेशने मान वर करून ऋतुजाकडे पाहिलं. त्याने नभाला उचललं. ती त्याच्या कडेवर अवघडून बसली, हात हवेत धरून, कुठेही न टेकवता.

संध्याकाळी रंजनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "शाळेतही तेच करतेय. बाईंनी सांगितलं मला. कुणी हात धरायला आलं की तळवे दाखवते."

ऋतुजा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होती.

"तिच्यासाठीच जपतेय ना मी स्वतःला, आई? आणि तुमची किडनीही."

"मला तू आत येऊन चमच्याने पाणी पाजलंस. सगळी खोली हिरवी होती म्हणतेस. तेव्हा नाही घाबरलीस, आणि आता माझ्या हातची भाकरी खात नाहीस?"

"तेव्हा विचार करायला वेळ नव्हता."

"मग आता जरा जास्तच झालाय," रंजनाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. ऋतुजाला तेच जास्त लागलं.

त्यानंतर नऊ दिवसांनी, मंगळवारी, मिरजेला महिन्याची तपासणी होती. रक्ताचे आकडे उत्तम होते. डॉक्टर बेन्नूर कागद मिटणार तेवढ्यात ऋतुजाने विचारलं, "डॉक्टर, ती पूर्ण स्वच्छ कधी होईल?"

"कोण?"

"नभा. बावीस दिवस झाले. कालही नखाजवळ एक ठिपका होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती वेळा बघता दिवसातून?"

ऋतुजाने आकडा सांगितला. प्रथमेश खिडकीबाहेर बघत राहिला.

"एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगायला हवी होती," डॉक्टर म्हणाले. "हा दिवा विषाणूचं कवच ओळखतो. आतला विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला कळत नाही. आता जे ठिपके दिसतायत त्यातली बरीचशी रिकामी टरफलं असणार."

"बरीचशी. सगळी नाही."

"सगळी नाही. शून्य धोका असं मी लिहून देणार नाही, तुम्हाला खोटं वाटेल. पण मुलगी खडखडीत बरी आहे. न्हाणीघरातून आल्यावर तिने आणि जेवणाआधी तुम्ही दोघींनी साबणाने नीट हात धुतले, तर उरलेला धोका बाजारात जाण्याइतकाच आहे. घरात कुणाला उलटी झाली तर दिवा काढा, दार लावा, मागच्या वेळी केलंत तसं सगळं करा. कुणी आजारी नसताना मात्र तो कपाटात ठेवा. तुम्हाला मुलीबरोबर राहता यावं म्हणून ती किडनी बसवलीय मी. नुसती सांभाळायला नाही."

परतीच्या वाटेवर, पेठ नाक्याला प्रथमेशने ऋतुजाला चहा आणून दिला. तो तिच्या हातात थंड झाला.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. नभा गॅलरीत चित्र काढत बसली होती. आईला पाहून ती उठली आणि सवयीने हात पुढे करून उभी राहिली.

"नाही," ऋतुजा म्हणाली. "चल, हात धुऊ. मीपण धुते."

दोघींनी बेसिनपाशी हात धुतले, पुसले. नभा दिव्याच्या फळीकडे बघायला लागली.

"दिवा?"

"नको."

"मग कसं कळेल?"

"धुतलेत ना. म्हणून कळेल."

नभाने हात पाठीमागे घेतले. "तुला उलटी झाली तर?"

ऋतुजाचं काळीज धडधडत होतं. रेनकोट घालून आत शिरताना इतकं धडधडलं नव्हतं. ती खाली बसली, नभाचे दोन्ही हात पाठीमागून पुढे घेतले आणि स्वतःच्या गालांवर ठेवले. हात गार होते. पोरगी आधी हललीच नाही. मग तिच्या एका बोटाने आईच्या कानापाशी जाऊन कुडी चाचपली, मग भुवई, मग नाक. हरवून सापडलेली वस्तू तपासून घ्यावी तसं तिने सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं.

"तुझा गाल गरम आहे," ती म्हणाली.

"हो?"

"माझी वेणी घाल. आजी फार सैल घालते."

"ऐकलं मी ते," स्वयंपाकघरातून आवाज आला.

ऋतुजा फणी घेऊन जमिनीवर बसली. तीन आठवड्यांचा गुंता होता. नभा "आई गं" करून ओरडत होती आणि तरी हलत नव्हती. गुंता सुटला तशी ती मागे रेलली. नवी किडनी पाठीत बसवत नाहीत. ती पुढे बसवतात, उजवीकडे, ओटीपोटात. तिथे कशाचा भार पडू नये म्हणून ऋतुजा एरवी नभाला अलगद डावीकडे सरकवायची. आज पोरगी नेमकी तिथेच पाठ टेकून बसली. ऋतुजाने तिला सरकवलं नाही.

रंजनाबाई दारात आल्या. त्यांच्या हातात ताटली होती, त्यात गरम भाकरी आणि लोणी. त्या तशाच थांबल्या.

"इकडे आणा ना," ऋतुजा म्हणाली. "माझे दोन्ही हात अडकलेत."

रंजनाबाई खाली बसल्या. त्यांनी हात धुतले होते, कोपरापर्यंत, पाणी अजून निथळत होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, लोणी लावलं आणि सुनेच्या तोंडाशी धरला.

"मलापण," नभा म्हणाली.

"थांब. आधी तिला."

ऋतुजाने तोंड उघडलं.